पाणीपट्टी वाढली तर पाणी वाढेल का? पालघर-बोईसरचा हिशोब समजून घ्या

“आधी पाणी नीट द्या, मग पैसे मागा.”

“पैसेच नाहीत, तर पाणी नीट द्यायचं कसं?”

पाणीपट्टीवाढीचा विषय निघाला की कुठल्याही गावात हे दोन आवाज ऐकू येतात. पहिला नागरिकांचा, दुसरा कार्यालयाचा. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून वाद मिटत नाही.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरात हा वाद जास्त गुंतागुंतीचा आहे. एकाच नदीच्या पाण्यावर इथे नगर परिषद, ग्रामपंचायती, कारखाने आणि शंभर किलोमीटरच्या आतली मोठी शहरं अवलंबून आहेत. नळाचं बिल नेमकं कशाचं असतं, ते वाढवल्यावर काय सुधारतं आणि काय सुधारत नाही, ते पाहू.

पाणी येतं कुठून?

या भागाची जीवनवाहिनी म्हणजे सूर्या नदी. या नदीवर धामणी धरण आहे आणि त्याच्या खाली कवडासचा बंधारा. प्रकल्प उभा राहिला तो प्रामुख्याने शेतीच्या सिंचनासाठी. पुढे पिण्याच्या आणि उद्योगांच्या पाण्याचं आरक्षण वाढत गेलं.

पालघर शहराला पाणी मिळतं ते ‘पालघर व २६ गावे’ या प्रादेशिक योजनेतून. सूर्या नदीतून मासवण इथे पाणी उचललं जातं, वाघोबा खिंडीत शुद्ध केलं जातं आणि तिथून शहरात व गावांत सोडलं जातं.

बोईसरचं चित्र वेगळं आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीसाठी एमआयडीसीने सूर्येच्या पाण्याची स्वतंत्र व्यवस्था उभारली. वसाहतीभोवतालच्या ग्रामपंचायतीही या पाण्यावर अवलंबून आहेत. म्हणजे ग्रामपंचायत एमआयडीसीकडून घाऊक पाणी घेते आणि घरोघरी किरकोळीने देते. घराघरातून पट्टी आली नाही, तरी एमआयडीसीचं बिल थांबत नाही. थकबाकीचे वाद सुरू होतात ते इथूनच.

याच सूर्येचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरलाही जातं. एमएमआरडीएची योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे, त्यात १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी. ‘धरण आमच्या जिल्ह्यात, पाणी शहरांना’ ही स्थानिक शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शहरांकडून धरणाच्या पाण्याची जी आकारणी होते, ती राज्याच्या जलसंपदा विभागाकडे जाते. त्यातून पालघरची जुनी पाइपलाइन आपोआप बदलली जात नाही.

पाणी निसर्गाचं, मग पैसे कशाचे?

नदीतलं पाणी पावसाचं असलं, तरी ते उचलून, शुद्ध करून नळापर्यंत आणायला खर्च येतो. तो साधारण असा:

- कच्च्या पाण्याचा आकार: नदीतून किंवा धरणातून घेतलेल्या पाण्याचे घाऊक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. २००५ च्या कायद्याने हे प्राधिकरण आलं. घरगुती वापराचा दर कमी असतो, उद्योगांचा कितीतरी जास्त.
- वीज: पाणी नदीतून वर चढवायचं तर पंप तासन् तास चालतात. अनेक योजनांत सर्वात मोठा खर्च हाच.
- शुद्धीकरण: तुरटी, क्लोरीन, गाळण्या, तपासण्या.
- माणसं: पंपचालक, व्हॉल्व्हमन, फिटर, बिलं वाटणारे आणि वसूल करणारे कर्मचारी.
- दुरुस्ती: फुटलेल्या वाहिन्या, जळालेल्या मोटारी, गळणाऱ्या टाक्या.

यातला शेवटचा खर्च सगळ्यात आधी कापला जातो. वीजबिल थकलं तर जोडणी तुटते, म्हणून ते भरावंच लागतं. दुरुस्ती मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ढकलता येते. पुढे एक दिवस मुख्य वाहिनी फुटते आणि अख्खं गाव टँकरवर येतं. देखभालीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं याची चुणूक पालघर तालुक्याने जानेवारी २०२२ मध्ये पाहिली. तेव्हा झांझरोळी धरणाला गळती लागली आणि त्यावर अवलंबून असलेल्या केळवे-माहीम परिसराच्या पाण्याची चिंता उभी राहिली.

सरकारी अनुदान मिळतं ना?

मिळतं, पण ते बहुतेक वेळा बांधकामासाठी असतं. शहरांसाठी केंद्राची ‘अमृत २.०’ योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना त्यात प्रकल्पखर्चाच्या निम्मा वाटा केंद्राकडून मिळतो. गावांसाठी २०१९ पासून जलजीवन मिशन आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता.

थोडक्यात, टाकी आणि पाइप बांधायला दिल्ली-मुंबईहून पैसे येऊ शकतात. पण ती टाकी रोज भरायचा खर्च गावाला आणि शहरालाच करावा लागतो. नवी योजना आली की तिचं वीजबिलही मोठं येतं. उद्घाटनानंतर दोन-चार वर्षांत योजना बंद पडते, तेव्हा बांधकामातल्या दोषांइतकंच हेही कारण असतं.

बोईसर गाव की शहर?

लोकसंख्येच्या दृष्टीने जनगणनेत बोईसर शहरात मोडतं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. हा फरक कागदापुरता नाही. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी निकष आहे १३५ लिटर. बोईसरमध्ये सात मजली इमारती आहेत, फ्लश आहेत, वॉशिंग मशीन आहेत. राहणीमान शहराचं आणि योजना गावाच्या मापाची, अशी ही अडचण आहे.

एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्यानंतर दोन्ही ठिकाणी घरं वेगाने वाढली. जुनी व्यवस्था त्या मापाची नव्हती.

सांडपाण्याचा खर्च दिसत का नाही?

२०११ च्या जनगणनेत पालघर शहराची लोकसंख्या ६९ हजारांच्या आसपास होती. माणशी १३५ लिटरने हिशोब केला तर रोज सुमारे ९३ लाख लिटर पाणी लागतं. अभियंते मानतात की दिलेल्या पाण्याच्या ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं. म्हणजे रोज सुमारे ७४ लाख लिटर. आणि ही लोकसंख्या जुनी आहे.

पाणी वाढवलं की सांडपाणी वाढतंच. पालघर-बोईसरमधल्या बहुतेक इमारती सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यांवर चालतात. पावसाळ्यात कोकणातली जमीन पाण्याने तुडुंब भरते, तेव्हा शोषखड्डा शोषणार काय? ते पाणी गटारात, नाल्यात आणि शेवटी खाडीत जातं. टँक उपसायला येणाऱ्या मैला टँकरचे पैसे सोसायटी देते. म्हणजे सांडपाण्याचा खर्च आजही होतोच, फक्त तो बिलावर दिसत नाही.

मुंबईत हा खर्च बिलावरच असतो. तिथे मलनिःसारण आकार पाणी आकाराच्या ७० टक्के आहे. भुयारी गटार हवं असेल तर असं काहीतरी पालघरलाही मोजावं लागेल, हे आधीच सांगणं प्रामाणिकपणाचं ठरेल.

तारापूरचं सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हा यावरचा उपाय नाही. ते कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आहे आणि प्रक्रियेनंतरचं पाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वात वर होतं. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला यासाठी हरित लवादाकडे जावं लागलं. कारखान्यांमुळे विहिरी बिघडल्याची गावांची तक्रार आहे. विहीर गेली की माणूस नळावर येतो आणि पाणीपट्टीच्या चौकटीत अडकतो. म्हणून कारखान्यांच्या प्रदूषणाचा खर्च घरगुती पट्टीत मिसळता कामा नये, ही मागणी रास्त आहे.

गळतीचे पैसे कोण भरतं?

आता एक सोपं गणित. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, हजार लिटर पाणी नळापर्यंत आणायला १५ रुपये लागतात. पण सोडलेल्या १०० लिटरपैकी ३५ लिटर गळती, चोरी आणि बेकायदा जोडण्यांमध्ये गेलं. बिल ६५ लिटरचंच होणार. खर्च भरून काढायचा तर दर हजार लिटरला २३ रुपये ठेवावा लागेल. हेच नुकसान २० टक्क्यांवर आणलं, तर पावणेएकोणीस रुपये पुरतात. केंद्राचा नागरी सेवांचा निकषही २० टक्क्यांचाच आहे.

म्हणजे नियमित पट्टी भरणारा माणूस स्वतःच्या पाण्यासोबत रस्त्यावर वाहून गेलेल्या पाण्याचेही पैसे भरत असतो. थकबाकीचं गणितही तसंच चालतं. प्रादेशिक योजनेत एका गावाने पैसे थकवले तर पंप सगळ्यांचाच अडचणीत येतो.

दुसरी बाजूही पाहू. पाच माणसांच्या घराला १३५ लिटरने महिन्याला सुमारे २० हजार लिटर पाणी लागतं. वरच्या २३ रुपयांच्या दराने ते ४६० रुपये होतात. २० लिटरचा जार ३० रुपयांना घेतला तर हजार लिटरला १,५०० रुपये पडतात. नळाचं पाणी बेभरवशाचं झालं की माणूस जारवर जातो आणि सर्वात महाग पाणी विकत घेतो. कमी पाणीपट्टी नेहमीच स्वस्त पडते असं नाही.

इतरांनी काय केलं?

पुणे: चोवीस तास पाणी योजनेसाठी महापालिकेने २०१६-१७ मध्ये पाणीपट्टी १२ टक्क्यांनी वाढवली आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी १५ टक्के वाढ मंजूर केली. जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले. वाढीव पट्टी वेळेवर सुरू झाली, योजना मात्र वेळेवर पूर्ण झाली नाही. लोकांचा राग होता तो याच क्रमावर.

मलकापूर: साताऱ्यातलं कराडला खेटून असलेलं हे गाव लोकसंख्येने बोईसरच्या जवळपासचं. इथे सुमारे २००९ पासून चोवीस तास पाणी आहे. घरोघरी मीटर बसवले आणि टप्प्याटप्प्याचे दर लावले. कमी वापराला कमी दर, जास्त वापराला चढता दर. टाकी भरून ठेवायची गरज उरली नाही, त्यामुळे उधळपट्टीही घटली.

मुंबई: २०१२ मध्ये वार्षिक वाढीची कमाल मर्यादा ८ टक्के ठरवली गेली. दहा वर्षं काहीच न करता एकदम दुप्पट करण्यापेक्षा दरवर्षी थोडं वाढवणं, हा त्यामागचा विचार.

गरिबांचं काय?

ठोक पट्टीत बंगला आणि चाळीतली खोली जवळपास सारखेच पैसे भरतात. पाणी मात्र बंगल्यात जास्त जातं. त्यामुळे सरसकट वाढ सर्वात जास्त लागते ती कमी वापरणाऱ्याला. पाड्यांवर आणि शेवटच्या टोकाला पाणी दाबाने पोहोचतच नाही, तिथे तर जास्त पट्टी घेण्याचं समर्थन करता येत नाही. मीटर, जीवनावश्यक वापराला स्वस्त पहिला टप्पा, आणि हॉटेल, दुकानं, बांधकामं यांना वेगळा दर, हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग आहे.

वाढीचा प्रस्ताव आला तर काय विचारायचं?

नगर परिषदेत हा निर्णय सभेत होतो, ग्रामपंचायतीतही विषय ग्रामसभेत मांडता येतो. नुसतं ‘वाढ रद्द करा’ म्हणण्यापेक्षा हे प्रश्न विचारलेले बरे:

१. सध्या पाणीपुरवठ्यावर वर्षाला खर्च किती आणि वसुली किती?
२. सोडलेल्या पाण्यापैकी बिलात न येणारं पाणी किती टक्के?
३. सर्वात मोठे थकबाकीदार कोण? त्यात सरकारी कार्यालयं किती?
४. वाढीव पैशांतून नेमकी कोणती वाहिनी, टाकी किंवा पंप, आणि कोणत्या महिन्यापर्यंत?
५. हे पैसे वेगळ्या खात्यात राहतील की इतर कामांना वळतील?
६. काम मुदतीत झालं नाही तर पुढची वाढ थांबेल का?

उत्तरं तोंडी मिळाली नाहीत, तर माहिती अधिकारात मागता येतात.

पाणीपट्टी वाढली म्हणून नदीतलं पाणी वाढत नाही. गळती थांबली, पंप वेळेवर चालले आणि सगळ्यांनी भरलं, तर मात्र त्याच नदीतून नळाला येणारं पाणी वाढू शकतं. वाढ मान्य करायची की नाही, हे वरच्या सहा प्रश्नांच्या उत्तरांवर ठरवावं.