इंग्रजी विशेषणांचा अनुक्रम

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी इयत्ता पहिलीपासून शिकविले जाते. मुलाच्या वहीत ‘अ रेड बिग बॉल’ असे आढळले की शिक्षक फुली मारतात. परंतु चूक कोणती, असे मुलाने विचारल्यास उत्तर देणे अवघड जाते. शब्द बरोबर असतात, अर्थही स्पष्ट असतो. चूक असते ती केवळ अनुक्रमाची.

मराठीत विशेषण नामाप्रमाणे रूप बदलते : मोठा चेंडू, मोठी पाटी, मोठे फूल. इंग्रजीत ‘बिग’ तिन्ही ठिकाणी तसाच राहतो. तेथे बंधन रूपाचे नाही, स्थानाचे आहे. ‘लाल मोठा चेंडू’ मराठी कानाला फारसे खटकत नाही. इंग्रजी कानाला मात्र ‘अ बिग रेड बॉल’ हेच हवे असते.

सर्वसाधारण क्रम असा : आधी आर्टिकल किंवा संख्या, नंतर मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ स्थान, द्रव्य व उपयोग, शेवटी नाम. उदाहरणार्थ, ‘अ ब्यूटिफुल ओल्ड इंडियन क्लॉक’, ‘अ स्मॉल राउंड वुडन टेबल’, ‘टू लाँग ब्लॅक पेन्सिल्स’. वय व आकार यांचा क्रम काही पुस्तकांत उलटा आढळतो. सामान्यतः बोलणाऱ्याचे मत नामापासून दूर राहते, तर वस्तूचे द्रव्य नामाजवळ येते, एवढी खूण पुरेशी आहे.

हा क्रम इंग्रज मुलेही नियम पाठ करून शिकत नाहीत. ग्रंथकार टोल्किन यांनी कवी ऑडन यांना १९५५ साली लिहिलेल्या पत्रात बालपणीची एक आठवण दिली आहे. सुमारे सात वर्षांचे असताना त्यांनी अजगरासारख्या एका काल्पनिक प्राण्याची गोष्ट लिहिली. त्यात ‘ग्रीन ग्रेट’ असे शब्द आले होते. आईने ‘ग्रेट ग्रीन’ म्हणावयास सांगितले. असे का, हे कोडे त्यांना उतारवयापर्यंत उलगडले नव्हते.

यास्तव खालच्या इयत्तांत हा तक्ता पाठ करून घेऊ नये. दप्तर, फळा, डबा अशा समोरच्या वस्तू दाखवून प्रथम दोन विशेषणांची वाक्ये तोंडी म्हणवून घ्यावीत; तीन विशेषणे नंतर घ्यावीत. क्रम चुकल्यास फुलीऐवजी योग्य वाक्य मोठ्याने म्हणून दाखवावे. ज्या मुलाने आशय अचूक सांगितला, त्याला आपल्याला इंग्रजी येतच नाही, असे वाटू देऊ नये.