मोटारीची पदवी

बारावीचा निकाल लागला की गोव्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली तर प्रश्न सुटतो; न मिळाल्यास घाटापलीकडील खाजगी महाविद्यालयांची माहितीपत्रके घरात येतात. त्यांत ‘ऑटोमोबाइल इंजिनियरिंग’ ही शाखा दिसली की गाड्यांच्या वेडाने झपाटलेला मुलगा तिच्यावरच बोट ठेवतो. बापाने बँकेचे कर्ज काढून ही हौस पुरवावी काय, आणि मुळात विद्यापीठांनी अशी स्वतंत्र पदवी द्यावी काय? पहिल्या पदवीपुरते आमचे उत्तर नकारार्थी आहे.

या पदवीच्या पुरस्कर्त्यांची बाजू पोकळ आहे असे नव्हे. ब्रेक, सस्पेन्शन, टायर व रस्ता यांचा संबंध, धडकेच्या वेळी सांगाड्याने सोसावयाचा आघात हे विषय यंत्र अभियांत्रिकीच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात कोपऱ्यात पडतात. ज्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली, तेथे हे परवडणारे नाही. वाहनशास्त्र शिकविले पाहिजे, यात दुमत नाही. वाद आहे तो ते केव्हा शिकवावे याविषयी.

सी. राजम यांनी १९४९ साली मद्रासजवळ क्रोमपेट येथे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन केली, तेव्हा विमानविद्येबरोबर मोटार अभियांत्रिकीलाही तेथे स्थान मिळाले. परंतु त्या काळी तेथे प्रवेश मिळे तो विज्ञानाच्या पदवीधरांना. डॉ. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीस बी.एस्सी. करून मगच तेथे विमानविद्या शिकावयास गेले. आज मात्र सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच वर्षी एका धंद्याच्या दावणीला बांधले जाते.

आणि हा धंदा तरी किती स्थिर? जनरल मोटर्सने २०१७ साली गुजरातमधील हलोलचा कारखाना बंद केला; फोर्डने २०२१ साली भारतातील मोटारनिर्मिती थांबवीत असल्याचे जाहीर केले. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर इंजिन, क्लच, इंधनपंप, सायलेन्सर यांना जागाच नाही. तेथे मोटर, बॅटरीचे रसायन आणि संगणकाची आज्ञावली यांचे राज्य आहे. ज्याची उष्णताशास्त्र, विद्युत् आणि गणित यांवर पकड आहे तो या बदलातून तरून जाईल. केवळ इंजिनाचे सुटे भाग पाठ केलेल्याचे कठीण आहे.

अमेरिकेत फ्लिंट येथील तंत्रशिक्षणाची एक संस्था जनरल मोटर्सने १९२६ साली ताब्यात घेतली. विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात असत. कंपनीच्याच छत्राखाली असूनही तिने पदव्या दिल्या त्या यंत्र, विद्युत् आणि औद्योगिक अभियांत्रिकीच्या. १९८२ मध्ये कंपनी बाजूला झाली. संस्था टिकली आणि १९९८ पासून केटरिंग विद्यापीठ या नावाने चालते.

व्यवहाराची बाजूही पाहावी. ‘गेट’ परीक्षेत विमानविद्येची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, जहाजबांधणीचीही आहे. मोटार अभियांत्रिकीची नाही. वाहतूक खात्यातील मोटार वाहन निरीक्षकाच्या पदाला ऑटोमोबाइलची पदविका चालते, तशी मेकॅनिकलचीही चालते. म्हणजे मेकॅनिकलवाल्याला मोटारींचे दार खुले आहे. ऑटोमोबाइलवाल्याला मात्र इतर कारखान्यांच्या दाराशी आपली लायकी पटवून देत बसावे लागते.

गोवा विद्यापीठाने नवी पदवी काढण्यापेक्षा यंत्र व विद्युत् या दोन्ही शाखांच्या शेवटच्या दोन वर्षांत वाहनशास्त्राचा सकस ऐच्छिक गट द्यावा, आणि त्यातील एक सत्र कारखान्यात घालविणे सक्तीचे करावे. सत्तरीत भुईपाल येथे बसगाड्यांचे सांगाडे बांधणारा कारखाना आहे. पत्रा, वेल्डिंग, वायरिंग आणि प्रवाशांची सुरक्षितता यांचे धडे तेथे जितके मिळतील तितके फळ्यावर मिळणार नाहीत. पुढे ज्याला खोलात जावयाचे असेल त्याच्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम असावा.

तरीही ज्या पालकांचा बेत ठरलाच असेल, त्यांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या महाविद्यालयाची कार्यशाळा एकदा पाहून यावे. तेथील इंजिन कोणत्या सालचे आहे, विजेवर चालणारे एखादे वाहन मुलांना उघडून पाहावयास ठेवले आहे काय, आणि शिकविणाऱ्यांपैकी कितीजणांनी कारखान्यात काम केले आहे, हे विचारावे.