तुरुंगातून विधानसभेत

शहाड स्टेशनावर उतरून उल्हासनगरकडे वळलात, की फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले गाव लागते. सुरेश ऊर्फ पप्पू कलानी यांचे राजकारण याच गल्ल्यांतले. १९८६ साली नगराध्यक्ष, १९९० साली काँग्रेसचे आमदार. पुढे टाडाखाली तुरुंग. एखादा पुढारी इथेच संपला असता! पण १९९५ आणि १९९९ साली गृहस्थ तुरुंगातूनच उभे राहिले नि निवडून आले. जामिनावर सुटल्यावर २००४ सालीही.

आपल्या कायद्याची गंमत पाहा. कच्च्या कैद्याला स्वतःचे मत देता येत नाही, दुसऱ्यांची मते मात्र खुशाल मागता येतात! लोकांनी ती का दिली? धाकाने, की अडीअडचणीला उपयोगी पडणारा आपला माणूस म्हणून? आम्हाला वाटते, दोन्ही कारणे एकाच घरात नांदत असावीत.

२००९ साली मात्र पराभव झाला. १९९० सालच्या एका खुनाबद्दल २०१३ च्या डिसेंबरात कल्याणच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली, आणि उमेदवारीचे दार बंद झाले. पुढच्याच वर्षी पत्नी ज्योती कलानी उभ्या राहिल्या. निवडूनही आल्या.