कर्डक, वामनदादा

(१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४). मराठी लोककवी, गायक आणि आंबेडकरी चळवळीचे शाहीर. संपूर्ण नाव वामन तबाजी कर्डक. जन्म नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी ह्या खेड्यात, एका श्रमजीवी महार कुटुंबात. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शालेय शिक्षणाची संधी त्यांना मिळाली नाही. पुढे आईसमवेत ते मुंबईस आले आणि शिवडीच्या चाळीत राहून त्यांनी पोटासाठी मिळेल ते काम केले. चित्रपटात नट व्हावे, ही त्यांची तरुणपणीची आकांक्षा होती. तिच्यापायी चित्रपटनिर्मितिगृहांत किरकोळ कामेही त्यांनी केली.

अक्षरओळख : समता सैनिक दलाच्या कार्यात वावरत असताना एका गृहस्थाने आपले पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या हाती दिले. आपल्याला वाचता येत नाही, ह्या जाणिवेने ते व्यथित झाले. त्यानंतर देहलवी नावाच्या शिक्षकांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरविली आणि दुकानांवरील पाट्या वाचत जोडाक्षरांशी परिचय करून घेतला. अक्षरे त्यांच्या जीवनात उशिरा आली. लय मात्र त्याआधीच अंगी मुरलेली होती. त्यांच्या रचनेतील सहज यमके आणि बोलण्याच्या वळणाने जाणारी वाक्ये ह्यांचे मूळ ह्या क्रमात शोधता येते. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या दर्शनाने व भाषणाने ते भारावून गेले आणि गीतलेखनास निश्चित दिशा मिळाली.

पूर्वपीठिका : महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारप्रसारासाठी पुढील काळात सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाची रंगपरिचित चौकट ठेवावयाची व तिच्यातील आशय बदलावयाचा, हे त्यांचे सूत्र होते. ह्याच वाटेने आंबेडकरी जलसा आला. नाशिक जिल्ह्यातीलच भीमराव कर्डक ह्यांनी १९३१ च्या सुमारास उभा केलेला जलसा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. निरक्षर श्रोत्यांपर्यंत पाणवठ्याचा हक्क, शिक्षण, व्यसनमुक्ती, जातिभेदाचा निषेध इ. विषय पोहोचविण्याचे ते प्रभावी साधन होते. स्वातंत्र्योत्तर काळात जलशाचे स्थान हळूहळू ‘गायन पार्टी’ने घेतले. पेटी, ढोलक वा ढोलकी, झांज आणि मागे झील धरणारे दोनतीन साथीदार एवढ्या सामग्रीवर ती चाले. नाट्यप्रसंग मागे पडले व गीत हेच मुख्य झाले. वामनदादांची कामगिरी ह्या संक्रमणकाळातील आहे.

कार्य : सु. साठ वर्षे ते गात आणि लिहीत राहिले. महाराष्ट्रातील खेडोपाडी व शहरांतील श्रमिक वस्त्यांत त्यांचे कार्यक्रम होत. आंबेडकर जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, निवडणुकीच्या सभा व मोर्चे हीच त्यांची रंगपीठे होती. १९५६ चे नागपूर येथील धर्मांतर व त्याच वर्षी ६ डिसेंबरला झालेले डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण, भूमिहीनांचे सत्याग्रह, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा १९७८ ते १९९४ असा दीर्घकाळ चाललेला लढा ह्या घटनांच्या काळात त्यांची वाणी चळवळीबरोबर राहिली. बुद्ध आणि आंबेडकर ह्यांचे गुणगान हा त्यांच्या रचनांचा केवळ एक भाग आहे. भाकरी, मजुरी, स्त्रीचे कष्ट, आईची माया, सत्ताधाऱ्यांची व स्वकीय पुढाऱ्यांची कानउघाडणी असे त्यांचे विषय आहेत. लावणीच्या वळणाची गीते त्यांनी लिहिली, त्याचप्रमाणे गझलेचा आकृतिबंधही हाताळला. सांगत्ये ऐका (१९५९) ह्या गाजलेल्या मराठी चित्रपटात त्यांचे गीत आहे. तथापि चित्रपटसृष्टीत ते रमले नाहीत.

त्यांच्या गीतांची संख्या काही हजारांत सांगितली जाते. त्यांपैकी थोडीच ग्रंथरूपाने आली. वाटचाल (१९७३), मोहळ (१९७६) व हे गीत वामनचे (१९७७) हे त्यांचे गीतसंग्रह होत. माझ्या जीवनाचं गाणं (१९९६) हे त्यांचे आत्मकथन होय. वर्धा येथे १९९३ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : मौखिक परंपरेतील कर्तृत्वाचा प्रश्न वामनदादांच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उभा राहतो. शाहिरी प्रथेप्रमाणे गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. मुद्रित ग्रंथावरील लेखकनामाचे काम तीच करते. परंतु गाताना ते कडवे गळाले, की कर्त्याचे नावही गळते. अशा रीतीने गीत सर्वतोमुखी होणे आणि कवी अनाम होणे ह्या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू ठरतात. मुद्रित संग्रहांना मर्यादा असल्याने हस्तलिखित वह्या, ध्वनिफिती व गायकांची स्मृती हीच त्यांच्या गीतांच्या अभ्यासाची महत्त्वाची साधने आहेत आणि ती काळाबरोबर नष्ट होणारी आहेत.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय शेतमजुरांत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेल्या ग्रामीण ‘ब्लूज’ गायनाशी ह्या परंपरेची तुलना उद्‌बोधक ठरते. तेथेही गायक बहुधा मजूर असे, गावोगाव फिरे आणि अपमानित जीवनाचा अनुभव गीतात ओती. मात्र चार्ली पॅटन, ब्लाइंड लेमन जेफरसन इ. गायकांचे आवाज १९२० नंतरच्या दशकात व्यापारी ध्वनिमुद्रिकांवर उतरले. मिसिसिपी जॉन हर्ट ह्या गायकाने १९२८ मध्ये मुद्रित केलेल्या एका गीतात त्याच्या गावाचे नाव होते. त्यावरून १९६३ मध्ये त्याचा शोध लागला आणि विस्मृतीत गेलेला हा शेतमजूर पुन्हा रंगपीठावर आला. दोन्ही परंपरांत महत्त्वाचा भेदही आहे. ब्लूजमधील गायक प्रायः ‘मी’च्या दुःखाविषयी एकट्याने गातो, वामनदादांचे ध्रुपद समूहाने उचलावयाचे असते आणि त्यातील दुःखाला उपायाची, म्हणजे शिक्षणाची व संघटनेची, जोड असते. एकाने वेदनेला स्वर दिला, दुसऱ्याने त्या स्वराला कार्यक्रम दिला, असे म्हणता येईल.

शिष्ट मराठी काव्यसमीक्षेने लोकगायकांच्या ह्या परंपरेची दखल उशिरा घेतली. ज्या श्रोत्यांसाठी ती गीते रचली गेली, त्यांनी मात्र ती पाठांतराने जपली. वाचता न येणाऱ्या समाजात नव्या विचाराचा प्रवेश गीताच्या द्वारे कसा होतो, ह्याचे वामनदादांचे जीवन हे एक ठळक उदाहरण होय.