घरातली खोली भाड्याने देताना

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९) आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे अकोल्यात राहत्या घरातली खोली दोघा-तिघा विद्यार्थ्यांना देण्याची रीत रुळलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी घरमालकाची. असा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे अनेकांच्या गावीही नसते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर भावंडांच्या सामाईक नावावर असल्यास सर्वांची संमती घ्यावी, करारात प्रत्येक रूम पार्टनरचे नाव असावे. खरी कटकट होते ती मे महिन्यात, कूलरच्या लाइट बिलावरून. खोलीला सबमीटर बसवून वाटणी करारातच लिहावी.