शंकूच्या वळणावरचा उजेड
(डोंगर आणि कॅमेरा : लेखांक ६)

मागच्या लेखात हिमनदीवरच्या सावल्या पाहिल्या. आज वसंतातल्या ज्वालामुखींकडे वळू. अमेरिकेच्या वायव्येला कॅस्केड रांगेत माउंट रेनियर, ॲडम्स, हूड, सेंट हेलेन्स हे बर्फाच्छादित ज्वालामुखी एकमेकांपासून दूरदूर उभे आहेत. एप्रिल-मे सुरू झाला की गिर्यारोहक पहाटे चढायला लागतात आणि माथ्यावरून स्की करत उतरतात. त्यांचे फोटो कधी काढायचे, हे बर्फ ठरवतो.

निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग कडक गोठतो, दिवसा उन्हाने सुटतो. हे चक्र बरेच दिवस चाललं की बर्फाचे साबुदाण्याएवढे दाणे होतात. सकाळी वरचे दोन-चार सेंटिमीटर सैल झाले की स्की सुरेख वळते. त्याआधी उतार काचेइतका निसरडा असतो. त्यानंतर पाय रुतू लागतात आणि ओल्या बर्फाच्या हिमस्खलनाचा धोका वाढतो.

इथेच छायाचित्रकाराची अडचण सुरू होते. त्याला हवा असतो तिरपा उजेड, कारण त्यातच बर्फाचा पोत आणि स्कीची रेघ उठून दिसते. उतार मऊ करणारं ऊन मात्र त्यावर जवळजवळ थेट पडतं, आणि थेट उन्हात सगळा उतार एकसारखा पांढरा दिसतो.

उत्तर डोंगराच्या आकारात आहे. शंकूचा उतार सतत वळत जातो. सेंट हेलेन्सचंच पाहा. १८ मे १९८० च्या उद्रेकात त्याचा माथा आणि उत्तर बाजू उडाली, उंची २,९५० मीटरवरून २,५४९ मीटरवर आली. दक्षिणेचे लांब उतार मात्र टिकले. सकाळी तिथला आग्नेयेकडचा बर्फ आधी मऊ होतो, मग दक्षिणेचा, शेवटी नैर्ऋत्येचा. स्की करणारा आग्नेय उतारावर असतो तेव्हा बाजूच्या नैर्ऋत्य उतारावर उजेड अजून तिरपाच असतो. दोन उतारांमधल्या सोंडेजवळ उभं राहा. माणूस मऊ बर्फावरून वळेल आणि त्याच्यामागे पोत दिसणारा उतार येईल.

एक्स्पोजरकडेही लक्ष हवं. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्या दृश्याला मध्यम करड्या छटेत ओढतो, म्हणून एक ते दोन स्टॉप वाढवावे लागतात. जास्त वाढवलं तर दाण्यांचा तपशील कायमचा जातो. लख्ख उन्हात स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम पाहा.

जागा निवडताना मोह आवरा. सेंट हेलेन्सच्या विवराच्या काठावर वाऱ्याने साचलेला बर्फ पोकळीवर पुढे आलेला असतो. वरून तो भक्कम जमीन वाटतो आणि तुटला तर माणसाला घेऊन थेट विवरात कोसळतो. आतला लाव्हाचा घुमट दिसावा म्हणून त्याच्या टोकाशी जाऊ नये, सोबत्यालाही उभं करू नये.

आणि ‘पुन्हा एकदा वर जा’ असं सोबत्याला सांगू नये. तो चढून येईपर्यंत बर्फ बदललेला असतो. म्हणून जागा, चौकट आणि खूण आधीच ठरवा, तो एकदाच उतरेल असं धरून तयार राहा. फोटो हुकला तर हुकू द्या. उतार सुरक्षित असेतो सगळ्यांनी खाली पोचणं अधिक मोलाचं आहे.

(पुढील लेखांक : थंडीत बॅटरी आणि लेन्सची काळजी)