सहलीचा शेवट समुद्रावर करताय? आधी परतीची गाडी बघा, मग पंचांगातली तिथी

भुसावळ : भाऊबीज आटोपली की गावागावांत गाड्या ठरायला लागतात. कापसाची पहिली वेचणी झालेली असते, पोरांना सुट्टी असते आणि रब्बीच्या कामांतून चार-पाच दिवस कसेबसे काढता येतात. कोणी अष्टविनायक करतं, कोणी वणी-त्र्यंबक, कोणी तुळजापूर-पंढरपूर-कोल्हापूर. देवदर्शन झालं की गाडीतलं एखादं पोरगं म्हणतंच, "आता शेवटी समुद्र बघू."

बघायलाच पाहिजे. पण शेवटचा मुक्काम थकलेल्या अंगाने होतो. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखत असतात, ड्रायव्हरची झोप झालेली नसते, पैसे संपत आलेले असतात. अशा वेळी फक्त नाव ऐकून किनारा निवडला तर आराम राहतो बाजूला. म्हणून दोन गोष्टी घरूनच ठरवून निघा : तिथून घरी कसं यायचं आणि पाण्यात कधी उतरायचं.

किनारा परतीच्या वाटेवरचा हवा

*सुरत लाईनने :* भुसावळजवळून वाहणारी तापी सुरतजवळ समुद्राला मिळते. रेल्वेची जळगाव-नंदुरबार-सुरत लाईनही तिकडेच जाते. सुरतच्या पुढे वलसाडला उतरलं की तिथल किनारा रिक्षाने गाठता येतो. अजून पुढे डहाणूजवळ बोर्डी आणि घोलवड. बोर्डीचा किनारा लांबलचक आणि उथळ, काठाला सुरूची झाडं. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. केळीवाल्या शेतकऱ्याला चिकूच्या वाड्या बघायलाही आवडतील. सुरतचा डुमस किनारा जवळ पडतो, पण तिथे काळी वाळू आणि चिखल, शिवाय खंभातच्या आखातातली भरती फार मोठी. तिथे फिरा, भजी खा, आंघोळीचा विचार करू नका.

*त्र्यंबकेश्वर करून :* स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारमार्गे पालघर जिल्ह्यात उतरता येतं. केळवे किंवा बोर्डीला मुक्काम करा. केळव्याला शीतलादेवीचं मंदिर आहे. परत येताना सुरतजवळून धुळ्याचा महामार्ग धरला की थेट भुसावळ. घाटाचा रस्ता दिवसाच उतरा.

*अष्टविनायक करून :* आठ गणपतींपैकी पाली आणि महड हे दोन रायगड जिल्ह्यात येतात. ते शेवटी ठेवले तर अलिबाग जवळ पडतं. परतीला रेल्वे हवी असेल तर मांडव्याहून बोटीने मुंबईला गेटवेला उतरा, रात्री भुसावळकडची गाडी पकडा. पोरांची बोटीची हौसही फिटते.

*कोल्हापूर करून :* आंबा घाट उतरून गणपतीपुळे. देव आणि समुद्र एकाच ठिकाणी. तिथून रत्नागिरी स्टेशन गाठलं तर एर्नाकुलम-निजामुद्दीन मंगला एक्स्प्रेस रत्नागिरी, पनवेल, नाशिककडून भुसावळला आणून सोडते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. मात्र कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असतं आणि ते बदललं की गाडीची वेळ बदलते. तिकिटावरची वेळ निघण्याआधी पुन्हा बघा.

रेल्वेचं आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीची तिकिटं लगेच संपतात, म्हणून दसऱ्याच्याही आधी तारीख ठरवलेली बरी. महाराष्ट्रातल्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या वरच्यांना मोफत आहे. घरात बाया आणि म्हातारी माणसं जास्त असतील तर गाडी भाड्याने करण्याआधी हा हिशेब करून बघा.

राहण्याआधी फोनवर काय विचारायचं

कोकणात घरगुती राहणं-जेवण बऱ्याच ठिकाणी मिळतं. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, किनारा पायी किती लांब, हे आधी विचारा. घरात माळकरी असतील तर शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का, तेही स्पष्ट विचारा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते, आपला मुक्काम सोमवार ते गुरुवार ठेवला तर खोली सोपी मिळते आणि भावही उतरतो.

गुगलवर सापडलेल्या नंबरवर लगेच पैसे टाकू नका. हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर टाकून लुटणारे खूप आहेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

विहिरीचं पोहणं समुद्रात चालत नाही

आपल्याकडची पोरं विहिरीत, तापीत पोहायला शिकतात. त्यामुळे समुद्राची भीती वाटत नाही, आणि घात तिथेच होतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. उतरताना ते माणसालाही बाहेर ओढतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडच्या मुरूड किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. भर दिवसा, मित्र सोबत असताना.

भरती कधी, हे कळायला कोकणातल्या लोकांचा जुना हिशेब आहे. पंचांगातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पंचमी म्हणजे पाचाचे पाऊणपट, पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हीच वेळ दिवसा आणि रात्रीही धरायची. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा हिशेब मुंबई-अलिबाग पट्ट्याचा, आणि त्यातही तासभर मागंपुढं होतं. डहाणू-वलसाडकडे भरती उशिरा येते, रत्नागिरीकडे थोडी लवकर. म्हणून तिथीवरून अंदाज बांधा आणि नक्की वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारा.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप आत येतं, खूप लांब जातं आणि वेगाने फिरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. घरात लहान पोरं असतील तर मुक्काम अष्टमीकडे झुकलेला बरा.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे याचं चांगलं उदाहरण. किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. कार्तिकी एकादशीला भरती सकाळी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दुपारी अडीचच्या आसपास. दुपारी जाऊन पाणी फिरायच्या आत परत येता येतं. तेच चार दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. किल्ला बघून निघेपर्यंत अंधार आणि मागून उधाणाचं पाणी. त्या दिवशी किल्ला काठावरूनच बघावा. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणाही ओहोटीलाच, आणि तीही गावकरी हो म्हणाले तरच.

पाण्यात उतरताना

लाटा दोन्ही बाजूंना फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तिथे उतरू नका. बहुतेक वेळा तिथूनच पाणी जोरात बाहेर जात असतं. कोणी ओढलं गेलं तर सरळ काठाकडे पोहायची झटापट करू नये, दम संपतो. काठाला समांतर, आडवं पोहावं. ओढ सुटली की तिरकं काठाकडे यावं. पोहणं जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. काठावरच्यांनी मागोमाग उड्या टाकू नयेत. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब फेकावी, जीवरक्षकाला हाक मारावी आणि ११२ ला फोन करावा. सागरी पोलिसांचा नंबर १०९३, तटरक्षक दलाचा १५५४.

पाणी कमरेच्या खालीच ठेवा. दारू पिऊन कोणी उतरणार असेल तर त्याला हाताला धरून बसवा. क्रुझर-बोलेरो ओल्या वाळूत नेऊ नका. चाक रुतलं आणि भरती लागली की ट्रॅक्टर येईपर्यंत गाडीत पाणी शिरतं.

पाऊस गेला म्हणजे समुद्र शांत झाला, असंही नाही. अरबी समुद्रात पावसाळ्यानंतरही वादळं होतात. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळ किनाऱ्यापासून लांब होतं, तरी कोकणात लाटा उसळल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर बघा. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर त्या दिवशी वाळूत बसा, शहाळं प्या, सूर्य बुडताना बघा. म्हाताऱ्यांचे पाय भिजले आणि पोरांनी वाळूचा किल्ला केला, तरी सहल पुरी झाली.

परतीचा प्रवास रात्रभर गाडी चालवून करू नका. ड्रायव्हरलाही त्या रात्री खोलीत झोपायला जागा द्या आणि सकाळी उजाडल्यावर निघा.